एकतीस तारखेचं बिलिंग

साबण, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट, कपड्याची पावडर. या मालाच्या लाइनीत मी २००८ पासून आहे. आधी लातुरात एका डिस्ट्रिब्युटरकडे सेल्समन होतो, २०१४ ला कंपनीच्या पेरोलवर सेल्स ऑफिसर झालो आणि एप्रिल २०२३ पासून एरिया मॅनेजर आहे. लातूर आणि धाराशिव हे दोन जिल्हे माझ्याकडे. हाताखाली चार ऑफिसर, त्यांच्या हाताखाली तीसेक सेल्समन. हाताखाली म्हणायचं आपलं. सेल्समन असतो डिस्ट्रिब्युटरचा. पगार मालक देतात, सुट्टी मालक देतात, पेट्रोलसाठी हात पसरायचा तोही मालकांपुढंच. म्हणजे माणसं आपली नाहीत, पगार आपला नाही, आकडा मात्र आपला. ज्याला हे झेपत नाही त्यानं या धंद्यात टीम सांभाळायच्या भानगडीत पडू नये.

२०२४-२५ या वर्षात आम्ही एरियातलं महिनाअखेरचं लोडिंग, म्हणजे टार्गेटसाठी डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात जास्तीचा माल मारणं, बंद केलं. ते कसं केलं आणि केवढ्याला पडलं, ते लिहितोय.

लाइनीबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कंपनीनं डिस्ट्रिब्युटरला बिल केलं की ती प्रायमरी. डिस्ट्रिब्युटरनं किराणा दुकानाला विकलं की ती सेकंडरी. गिऱ्हाइकानं दुकानातून साबण नेला की झाली खरी विक्री, पण तिचा हिशेब कुणी मागत नाही. आमच्याकडे रँकिंग, साहेबांचा इन्सेंटिव्ह, प्रमोशन, सगळं प्रायमरीवर. त्यामुळं पंचवीस तारीख उजाडली की ऑफिसर फोन घेऊन बसतो. “मालक, आठ लाखांचं बिलिंग घ्या. चेक दहा तारखेचा द्या. पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू.” पुढच्या महिन्यातही हाच फोन येणार हे मालकांना पक्कं माहीत असतं. तरी ते माल घेतात, कारण स्कीमपोटी दुकानदारांना दिलेल्या सवलतीचे त्यांचे जुने क्लेम कंपनीकडे अडकलेले असतात आणि ते सोडवणं याच ऑफिसरच्या हातात असतं.

आता त्या आठ लाखांचं काय होतं बघा. तालुक्याच्या डिस्ट्रिब्युटरचा धंदा महिन्याला पंचवीस लाखांचा धरला तर पाच टक्के मार्जिननं सव्वा लाख सुटतात. त्यातच तीन सेल्समन, एक छोटा हत्ती, ड्रायव्हर, गोदामभाडं, बिलं काढणारा पोरगा आणि हमाली. जास्तीचे आठ लाख गोदामात पडून राहिले तर बँकेच्या सीसीचं, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाचं, साडेदहा टक्क्यांनी महिन्याचं व्याजच सात हजार होतं. मग मालक तोच माल तीन टक्के तोडून होलसेलरला सोडतात. चोवीस हजार तिथं गेले. खरा घोळ त्याच्या पुढं आहे. होलसेलर तो साबण आपल्याच सेल्समनच्या भावाखाली दुकानदाराला देतो. सेल्समन बीटवर, म्हणजे दुकानांच्या ठरलेल्या फेरीवर, गेला की दुकानदार म्हणतो, तुमच्याकडून कशाला घेऊ? पोराची बिलं कमी होतात, इन्सेंटिव्ह जातो, चार महिन्यांत तो काम सोडतो आणि फायनान्स कंपनीच्या वसुलीला लागतो. आणि आम्ही वर मीटिंगमध्ये सांगतो की लातूरला माणसं टिकत नाहीत.

लोडिंगची सवय का लागते हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळे ऑफिसर चोर वाटायचे. २०१६ चा उन्हाळा मी लातूर शहरात काढला. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ती देशभर टीव्हीवर दिसली. शहरात नळाला पाणी नाही, लोक घागरी घेऊन टँकरमागं, कपडे आठवड्यातून एकदा भिजवायचे. मेसवाल्यांनी पत्रावळ्या काढल्या होत्या. आणि माझ्या हातात टार्गेट होतं मागच्या एप्रिलपेक्षा बारा टक्के जास्त कपड्याची पावडर विकण्याचं. फोनवर सांगितलं तर वरून उत्तर आलं, “पाणी कमी असेल तर डाग जास्त पडतील ना?” हे विनोदानं म्हटलं होतं की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही. त्या महिन्यात पावडर विकली गेली नाही. बिल मात्र झाली.

मार्च २०२४ संपला तेव्हा मी दोन्ही जिल्ह्यांतली गोदामं पालथी घातली. सिस्टीममध्ये स्टॉक दिसतो, पण ती मालकांनी एंट्री केलेली गोष्ट. गोदामात उभं राहून पेट्या मोजल्या की वेगळंच निघतं. एका ठिकाणी शाम्पूच्या पेट्यांची थप्पी होती. वरचा माल जानेवारीचा, खालची ओळ मागच्या वर्षीच्या पावसाळ्यातली. नवा माल वर येत गेला आणि वरचाच उचलला गेला. खालच्या पेट्यांचे तळ ओलीनं फुगले होते. बॅच नंबर वाचायला गोदामातल्या पोरानं मोबाइलची बॅटरी धरली आणि हळूच म्हणाला, “साहेब, ही थप्पी कुणी हलवत नाही.” सगळीकडची बेरीज केली तर सरासरी साठा चाळीस दिवसांच्या विक्रीएवढा होता. नीट चालणाऱ्या धंद्याला बावीस दिवसांचा पुरतो.

आणि जो माल साठला होता तोही नको तोच. महिनाअखेरीला कंपनीच्या डेपोत जे शिल्लक असतं तेच लोड होतं. त्यामुळं पाच किलोच्या पावडरीच्या बॅगा छतापर्यंत, आणि दहा रुपयांचा साबण संपलेला. लातुरात जूनमध्ये अकरावी आणि नीटच्या क्लासची हजारो पोरं बाहेरगावाहून येतात. ट्यूशन एरियातल्या टपऱ्यांवर तेव्हा छोटा साबण, शाम्पूचे पाउच आणि छोटी टूथपेस्ट तडाख्यानं खपते. हॉस्टेलवरचं पोरगं पाच किलो पावडर घेऊन काय करणार? दर जूनला आमचा चालता माल संपलेला असायचा आणि ती जागा दुसरी कंपनी खायची.

गणित सोपं होतं आणि तेच अवघड होतं. साठा चाळीस दिवसांवरून बावीसवर आणायचा म्हणजे अठरा दिवसांची विक्री कंपनीच्या खात्यात दिसणार नाही. एका महिन्यात केलं तर एरिया जमीनदोस्त. तीन महिन्यांत वाटलं तर दर महिन्याला वीस टक्क्यांचा खड्डा. मी कागदावर गोदामवार आकडे मांडले आणि पुण्याला रिजनल मॅनेजरना जाऊन भेटलो. त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, “बरोबर आहे. लेखी काही देणार नाही. एक क्वार्टर. रिव्ह्यूला शिव्या तुलाच खायच्या आहेत, मी पण देईन.” माणूस शब्दाला पक्का निघाला, शिव्यांच्या बाबतीतही.

परत आल्यावर आधी ऑफिसरांना बसवलं. चौघांचाही पहिला प्रश्न एकच होता: इन्सेंटिव्हचं काय? रास्तच होता. एप्रिल ते जून प्रायमरी पडणार म्हणजे क्वार्टरचा इन्सेंटिव्ह गेला. एकाचा घराचा हप्ता होता, एकाच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. टीमच्या भल्यासाठी थोडं सोसा, असलं भाषण मी केलं नाही. दुसऱ्याच्या पैशावर अशी भाषणं फार सोपी असतात. एरियाच्या हातात कॉन्टेस्टसाठी थोडं बजेट असतं. एरवी ते रिसॉर्टवरच्या पार्टीत उडतं. ते सगळं ऑफिसरांच्या सेकंडरीवर लावलं. भरपाई पूर्ण झाली नाही, निम्मीसुद्धा नाही. हप्तावाला ऑफिसर जुलैत दुसऱ्या कंपनीत गेला. जाताना म्हणाला, “सर, तुमचं पटतंय, पण बँकेला पटत नाही.” त्याचा राग यायचं काही कारणच नव्हतं.

मग स्कीमची वेळ बदलली. स्कीम कंपनी ठरवते, पण थोडी रक्कम एरियानं कधी वापरायची हे आमच्याकडे असतं. ती कायम पंचवीस तारखेनंतर सुटायची. सगळ्या बाजाराला तोंडपाठ होतं. दुकानदार पाच तारखेला विचारायचा, “स्कीम आली का?” नाही म्हटलं की, “मग पंचवीसला या.” आमचा सर्वात जुना सेल्समन, त्याला सगळे मामा म्हणतात, गेट मीटिंगमध्ये, म्हणजे बीटवर निघण्याआधीच्या सकाळच्या बैठकीत, मला म्हणाला, “साहेब, पाच तारखेला दुकानदार आपल्याला पाणीसुद्धा विचारत नाही. महिनाअखेरीला चहा पाजतो.” ती रक्कम आम्ही एक ते दहा तारखेत टाकली, कमी दरानं पण ठरलेल्या मालावर. आणि पंचवीसनंतर काही म्हणजे काही नाही.

एप्रिलची पंचवीस तारीख आली. फोन वाजायला लागले. दुकानदार थांबले, म्हटलं तीस तारखेला देतील. तीसलाही नाही मिळालं. मे महिन्यात परत तसंच. जूनमध्ये लहान दुकानदार आठ-दहा तारखेला ऑर्डर द्यायला लागले. त्यांना काय, माल लागतोच, फक्त आपण फसलो असं वाटायला नको असतं.

गंजगोलाईतले होलसेलर मात्र वेगळे. लातूरच्या बाहेरच्यांना सांगतो, गोलाई म्हणजे मधोमध गोल इमारत आणि तिच्याभोवती सोळा रस्ते फुटलेले, प्रत्येक रस्त्याला वेगळा बाजार. जिल्ह्यातली अर्धी खेडी तिथून माल उचलतात. आमच्या लोडिंगवर तिथल्या काही गाद्या वर्षानुवर्षं चालत होत्या. एका शेठजींनी मला बसवून घेतलं, उसाचा रस पाजला आणि शांतपणे सांगितलं, “तुमच्या आधी पाच साहेब पाहिले. दोन महिने सगळे शहाणे असतात.” आणि त्यांनी दुसऱ्या कंपनीचा साबण दुकानाच्या तोंडाशी रचला. तो जवळजवळ दिवाळीपर्यंत तसाच होता. गोलाईतली आमची विक्री त्या काळात दिसण्याइतकी घसरली आणि ती सगळी परत आली असं मी म्हणणार नाही.

खरं काम मात्र बीटवर होतं. मी ठरवून सेल्समनच्या मागं गाडीवर बसायला लागलो. एरिया मॅनेजर कारनं येतो, चार चांगली दुकानं बघतो, फोटो ग्रुपवर टाकतो आणि जातो, हे सेल्समनला माहीत असतं. तो त्या दिवशी आपली गोड दुकानं दाखवतो. म्हणून मी म्हणायचो, आज तुझा जो बीट असेल तोच, त्याच क्रमानं, आणि मी तोंड उघडणार नाही.

मुरूडच्या बीटवर एक नवं पोरगं होतं, बीए झालेलं. एका दुकानापुढं त्यानं गाडी लावली, आत गेला, “काका, आहे का काही?” एवढंच विचारलं. फोन खिशातच. ऑर्डर फोनच्या ॲपमध्ये घ्यायची असते. ज्याला ऑर्डर मिळेल असं वाटतं तो आत शिरतानाच फोन हातात घेतो. या पोरानं खिशाला हातही लावला नाही. दुकानदार तागडीवर शेंगदाणे तोलत होते. वर न बघता म्हणाले, “कशाला येता रे? तुमचाच माल लातूरहून स्वस्त यायलाय.” मग वाकून काउंटरखालून एक खोकं काढलं आणि पुढं ढकललं. शाम्पूच्या पाउचच्या माळा, फुटलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. “आधी हे न्या, मग बोला. दिवाळीपासून सांगायलाव.”

बाहेर आल्यावर पोराला विचारलं, कितीचं आहे ते? “सहाशे चाळीस, सर. मी तीनदा लिहून दिलंय.” मालकांकडं गेलो. मालक म्हणाले, आम्ही कंपनीला पाठवलंय. कंपनीत विचारलं तर बॅच नंबरचा फोटो नाही म्हणून परत आलेलं. म्हणजे सहाशे चाळीस रुपयांसाठी ते पोरगं गेले कित्येक मंगळवार त्या काउंटरवर अपमान गिळत होतं आणि त्या दुकानातली महिन्याची चार-पाच हजारांची विक्री बंद होती. दुसऱ्या दिवशी त्याच खोक्याचे फोटो काढून क्लेम टाकला आणि मी डेपोच्या मागं लागून क्रेडिट नोट काढून घेतली. पैसे मी स्वतः नेऊन दिले नाहीत. ते त्या पोराच्या हातूनच बिलात वळते झाले. हे महत्त्वाचं. साहेब येऊन काम करून गेला की दुकानदार पुढच्या वेळी साहेबाचाच नंबर मागतो, आणि सेल्समन आणखी लहान होतो.

त्या दिवसानंतर सगळ्या डिस्ट्रिब्युटरकडं एक वही ठेवली. दुकानाचं नाव, अडकलेली रक्कम, कारण. बहुतेक रकमा हजाराच्या आतल्या. खराब माल, न मिळालेली स्कीम, कमी आलेली पेटी. सकाळी सव्वानऊच्या गेट मीटिंगमध्ये कालचा आकडा विचारायचं बंद केलं. आकडा सिस्टीममध्ये दिसतोच, तो माणसाच्या तोंडून वदवून घेण्यात फक्त त्याला खाली बघायला लावण्याची मजा असते. त्याऐवजी प्रश्न एकच: काल कुठं झालं नाही, आणि का? सुरुवातीला पोरं गप्प. मग एकानं सांगितलं की औशाच्या एका दुकानदाराला माल सकाळी हवा आहे, टेम्पो दुपारी पोचतो तेव्हा ते जेवायला घरी असतात आणि बिल परत येतं. टेम्पोचा रस्ता उलटा फिरवला, बिलं परत यायची थांबली. असल्या गोष्टी एक्सेलच्या शीटमध्ये कधीच सापडत नाहीत.

सेल्समनचा इन्सेंटिव्हही बदलून घेतला. एकूण रकमेवर होता तो अर्धा केला आणि उरलेला अर्धा पंधरा तारखेपर्यंत किती दुकानांत बिल कापलं आणि एका बिलात किती लाइनी, म्हणजे किती वेगवेगळ्या वस्तू, घेतल्या, यावर लावला. मालकांना पटवायला वेळ गेला. एकजण म्हणाले, “साहेब, पैसा रकमेतनं येतो, लाइनीतनं नाही.” त्यांच्याच गोदामातल्या न हललेल्या मालाची यादी त्यांच्यापुढं ठेवली. मग तयार झाले, पण तोंड वाकडं करूनच.

जूनअखेरच्या रिव्ह्यूला पुण्यात पडद्यावर माझी ओळ लाल होती. शेवटून दुसरा. शेवटचा कोण होता ते विचारू नका, तो बिचारा खरंच आजारी होता. “लातूर झोपलंय का?” हा प्रश्न सगळ्यांसमोर आला. मी प्रायमरीच्या शेजारी सेकंडरी आणि साठा मांडला: प्रायमरी खाली, सेकंडरी मागच्या वर्षीपेक्षा थोडी वर, साठा चोवीस दिवसांवर. खोलीत कुणाला फारसा रस नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मात्र शेजारच्या एरियाचा मॅनेजर ताट घेऊन जवळ आला आणि हळूच विचारलं, “तुझे मालक खरंच चेक वेळेवर देतात का आता?” देत होते. तेच पहिल्यांदा सुधारलं होतं. ज्याचा पैसा गोदामात अडकलेला नाही त्याचा चेक परत जात नाही.

जुलैपासून खड्डा भरला, कारण साठा आणखी कमी करायचा नव्हता आणि जेवढं विकलं जायचं तेवढं बिल व्हायचं. ऑक्टोबरात सोयाबीनचा पैसा बाजारात आला, भाव पडलेला होता तरी आला.

आणि मग आली डिसेंबर २०२४ ची वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवमध्ये हा सण दिवाळीपेक्षा तसूभरही कमी नाही. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, आत पाच पांडव, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही तो ज्याला आहे त्याच्याकडं जातो. बाजारपेठेत कुत्रं दिसत नाही. त्या वर्षी ती ३० डिसेंबरला आली, सोमवारी. आदला दिवस रविवार. म्हणजे महिन्याच्या आणि क्वार्टरच्या शेवटच्या तीन दिवसांतले दोन दिवस दुकानं बंद. मुंबईहून सत्तावीसला मेल आला: तीस आणि एकतीसला सर्व सेल्समन मार्केटमध्ये हवेत, लाइव्ह लोकेशन पाठवा. मी फोन करून सांगितलं की तीसला लोकेशन पाठवलं तर सगळी रानातली येतील.

आधीची वर्षं असती तर त्या दोन दिवसांत आम्ही मालकांचे फोन लावून लावून त्यांना रानात ताटावरून उठवलं असतं. त्या डिसेंबरला वीस तारखेपर्यंतच बहुतेक काम झालं होतं, सव्वीसला राहिलेलं संपलं. मामांनी सगळ्या टीमला त्यांच्या शेतावर बोलावलं, निलंग्याच्या पुढं. हरभरा फुललेला होता. मालक आले, ऑफिसर आले, मुरूडचं पोरगं घरची आंबील घेऊन आलं. जेवताना गोलाईच्या शेठजींचा विषय निघाला, तेव्हा मामा म्हणाले, “त्यांनी परवा सहा पेट्या घेतल्या. रोखीनं. स्कीम विचारली नाही.” मग थोडं थांबून, “चहा मात्र पाजला नाही.”

या सगळ्याची परीक्षा २०२५ च्या सप्टेंबरात झाली. तीन तारखेला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला: आंघोळीचा साबण, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरचा कर अठरावरून पाच टक्के, २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमका घटस्थापनेला. कपड्याची पावडर अठरातच राहिली. चार तारखेच्या सकाळपासून बाजार थिजला. दुकानदाराचं बरोबर होतं. अठरा दिवसांनी जे स्वस्त होणार ते आज कोण भरून ठेवेल? गिऱ्हाईकही दुकानात येऊन विचारायचं, “बावीसला स्वस्त होणार ना?” आणि छोटी टूथपेस्ट घेऊन जायचं. २०१७ च्या जूनमध्ये, जीएसटी सुरू होण्याच्या आधी, हेच पाहिलं होतं. तेव्हा मी ऑफिसर होतो आणि माझ्या मालकांची गोदामं गच्च होती.

डिस्ट्रिब्युटरची अडचण दुहेरी. जुना माल त्यानं अठरा टक्के भरून घेतलेला, बावीसनंतर विकताना बिलात पाच टक्केच लावायचे. मधला फरक जीएसटीच्या क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे आधी भरलेल्या कराच्या खात्यात, पडून राहतो. तो बुडत नाही, पण हाताशीही येत नाही. वर जुन्या एमआरपीच्या मालाला नव्या किमतीची चिकटपट्टी लावायची. ज्याच्या गोदामात चाळीस दिवसांचा माल त्याची दिवाळी त्यातच गेली. शेजारच्या एरियातल्या एका मालकांनी रात्री अकराला मला फोन केला, ओळख नसताना. “तुमच्याकडं स्टॉक किती आहे?” सांगितलं तर बराच वेळ बोललेच नाहीत. आमच्याकडं वीस-बावीस दिवसांचा होता. चार ते एकवीस तारखेत प्रायमरी जवळजवळ थांबवली आणि सेल्समननं जुना माल थोडा थोडा हलवला. बावीसला बहुतेक गोदामांत इतकं कमी उरलं होतं की नवा माल उतरवायला जागा होती.

त्यानंतर लगेच पावसानं गाठलं. सप्टेंबरच्या शेवटी मांजरा, तेरणा पात्राबाहेर, भूम-परांड्याकडं तर गावांना वेढा. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली. कंपनीला वाटत होतं किमती उतरल्या म्हणजे आता मागणी उसळणार, तेवीस ते तीस तारखेत बाजार भरून घ्या. मला तसा निरोपही आला. मी मालकांना तो जसाच्या तसा वाचून दाखवला आणि म्हणालो, तुम्हीच ठरवा. धाराशिवच्या मालकांनी निम्माच माल मागवला, उदगीरकरांनी पूर्ण. दोघांचंही बरोबर निघालं, कारण उदगीरच्या बाजारात तेवढी मागणी होती.

एक तालुका मात्र अजून तसाच आहे. तिथले मालक म्हणतात, महिनाअखेरीला माल आला नाही तर मला झोप येत नाही. खरं कारण त्यांच्या मुलाचं होलसेलचं दुकान आहे. तिथला सेल्समन वर्षात तिसरा. बाकीच्या ठिकाणी पोरं टिकताहेत, पण पगाराचा प्रश्न आहेच. लातुरात पार्सलच्या गाड्यांवर काम करणारं पोरगं आमच्या सेल्समनपेक्षा जास्त कमावतं आणि त्याला उधारी वसूल करावी लागत नाही. सेल्समनच्या पगारातला कंपनीचा वाटा वाढवा, असा प्रस्ताव मी आकड्यांसकट वर पाठवला आहे. त्यावर दोन शंका आल्या, त्यांची उत्तरं दिली, आता तिसरी आली आहे. मुरूडचं पोरगं सध्या औशाचा बीटही बघतं, आणि पुढच्या जागेसाठी ऑफिसर म्हणून त्याचं नाव मी दिलंय. एमबीए पाहिजे, असं एचआर म्हणतं. तो वाद चालू आहे.